फ्रीझरला घाम का फुटतो?

घरात जागा नाही म्हणून डीप फ्रीझर गॅरेजमध्ये जातो आणि मग तक्रारी सुरू होतात. या वेळी अशाच प्रश्नांना उत्तरं देत आहोत. बहुतेक दुखणी दोनच कारणांवर येऊन थांबतात: फ्रीझरने बाहेर टाकलेल्या उष्णतेला वाट नाही, किंवा दमट हवेला आत यायला वाट आहे.

प्रश्न : गॅरेजला पत्र्याचं छप्पर आहे. उन्हाळ्यात दुपारी आत ४० अंशांच्या वर तापमान जातं. तिथे २०० लिटरचा वरून उघडणारा फ्रीझर ठेवला तर चालेल का? घेताना काय बघावं?

चालेल, पण आधी त्याच्या मागे किंवा आत चिकटवलेली माहितीपट्टी वाचा. तिच्यावर हवामान वर्गाची अक्षरं असतात. ‘एन’ म्हणजे १६ ते ३२ अंश, ‘एसटी’ म्हणजे १६ ते ३८ आणि ‘टी’ म्हणजे १६ ते ४३ अंश. ही फ्रीझरच्या भोवतालच्या हवेची मर्यादा आहे. तुमच्या गॅरेजसाठी ‘टी’च हवा. ‘एन’ वर्गाचा फ्रीझर तिथे लगेच बंद पडणार नाही, पण ऐन दुपारी उणे १८ अंश धरून ठेवताना त्याला धाप लागेल आणि कंप्रेसर थांबायचं नावच घेणार नाही.

खर्चाचा अंदाजही घ्या. बाहेर २५ अंश असतील तर आतबाहेरचा फरक ४३ अंशांचा. बाहेर ४० झाले की तो ५८ होतो. म्हणजे भिंतींतून आत शिरणारी उष्णताच जवळपास ३५ टक्क्यांनी वाढते. त्यात गरम हवेत उष्णता टाकणं कंप्रेसरला जास्त जड जातं, त्यामुळे विजेचा वापर याहूनही जास्त वाढतो.

आता जागा. वरून उघडणाऱ्या बऱ्याच फ्रीझरना मागे काळी जाळी दिसत नाही, कारण कंडेन्सरची, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारी नळी बाहेरच्या पत्र्याच्या आतून चिकटवलेली असते. बाजूचा पत्रा हाताला गरम लागतो तो म्हणूनच, आणि तो तसा लागायलाच हवा. अशा फ्रीझरवर गोधडी टाकणं, त्याला खोके टेकवून ठेवणं किंवा हुक लावण्यासाठी बाजूला भोक पाडणं, तिन्ही गोष्टी वर्ज्य. पुस्तिकेत वेगळं अंतर दिलेलं नसेल तर मागे आणि दोन्ही बाजूंना १० ते १५ सेंटिमीटर मोकळे सोडा. ऊन खाणारी भिंत टाळा. नुकतीच चालवून आणलेली गाडी इंजिनाची सगळी धग त्याच बंद खोलीत सोडते, म्हणून फ्रीझर बॉनेटपासून लांबच्या कोपऱ्यात असावा. छताजवळ एक एक्झॉस्ट पंखा आणि खाली हवा आत यायला झरोका, एवढ्यानेही दुपारचा ताण बराच उतरतो.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. पेट्रोलचा कॅन किंवा थिनरचा डबा फ्रीझरजवळ ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते, आणि कंप्रेसर व त्याला सुरू करणारा रिले नेमके तिथेच असतात. एक ठिणगी पुरते.

प्रश्न : पावसाळ्यात झाकणावर आणि कडेला पाण्याचे थेंब जमतात, खाली थारोळं होतं. फ्रीझर बिघडला का? खालच्या कडेला गंजही दिसतोय.

बहुतेक बिघडलेला नाही. हवेचं तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २८ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. झाकण हवेपेक्षा जेमतेम चार अंशांनी गार झालं की झालं. बाजूच्या भिंतींना आतल्या कंडेन्सरची ऊब मिळते, म्हणून त्या कोरड्या राहतात. झाकणाला ती मिळत नाही.

कुठे घाम येतोय ते मात्र नीट बघा. सगळ्या झाकणावर सारखा असेल तर दोष हवेचा. फक्त रबराच्या एखाद्या कोपऱ्याशी असेल तर तिथून गार हवा पाझरतेय, त्याचा उपाय पुढच्या उत्तरात आहे. भिंतीवर ताटाएवढा एकच डाग कायम ओला राहत असेल, तर तिथला फोम पाणी पिऊन बसला आहे. ओला फोम उष्णता अडवत नाही आणि बाहेरून तो वाळवताही येत नाही. तसा फ्रीझर दुरुस्त करण्यात पैसे घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सारख्या घामावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे झाकणावरून आणि बाजूंवरून वारा जाईल असा छोटा पंखा. झाकणाचा पृष्ठभाग हवेच्या तापमानाजवळ येतो, थेंब सुकतात आणि भिंतीतल्या कंडेन्सरलाही मदत होते. थर्मोस्टॅट विनाकारण शेवटच्या आकड्यावर ठेवला असेल तर मागे घ्या. आत उणे १८ पुरे, उणे २५ची गरज नाही. बाहेरच ओली हवा असताना एक्झॉस्ट पंखा गॅरेज कोरडं करत नाही, फक्त उष्णता काढतो. डीह्युमिडिफायर हवेतलं पाणी काढतो, पण खोली बंद असेल तरच, आणि तो स्वतः खोली थोडी तापवतो हे धरून चाला.

गंजासाठी फ्रीझर जमिनीपासून ५ ते १० सेंटिमीटर उचला. सिमेंटच्या जमिनीतून वर येणारा ओलावा तळाच्या पत्र्याखाली कोंडतो, म्हणून रबरी पायांचा स्टँड बरा. गंजलेला भाग पॉलिश पेपरने खरवडून झिंक प्रायमर आणि वर एनॅमलचा हात द्या. बाकी पत्र्याला दर तीन-चार महिन्यांनी गाडीचं मेण लावलं की थेंब टिकत नाहीत. हे सगळं प्लग काढूनच.

प्रश्न : साफ केल्यावर तीन आठवड्यांत आत बोटभर बर्फ चढतो. मेकॅनिक म्हणतो गॅस भरू या.

थांबा. गॅस कमी असेल तर उलट होतं: भिंतीच्या एखाद्याच पट्ट्यात बर्फ धरतो, बाकीची भिंत उघडी राहते आणि माल मऊ पडतो. चहूकडून बर्फ चढतोय म्हणजे थंडी भरपूर आहे आणि बाहेरची वाफ आत येतेय. वर सांगितलेल्या ३२ अंश, ८० टक्के हवेत एका घनमीटरमागे सुमारे २७ ग्रॅम पाणी असतं. उणे १८ अंशांना जेमतेम एक ग्रॅम मावतं. म्हणजे २०० लिटर हवा एकदा पूर्ण बदलली की पाच ग्रॅमच्या आसपास पाणी आत राहतं. झाकण उघडल्याने एवढी हवा एका वेळी बदलत नाही. पण रबरातली फट रात्रंदिवस उघडी असते.

फट अशी शोधा. कागदाची दोन बोटं रुंद पट्टी घ्या, अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून झाकण लावा आणि ओढा. ती अडखळत यायला हवी. दर १० ते १५ सेंटिमीटरवर, चारही बाजूंना हे करा. बिजागरीची बाजू आणि चार कोपरे विसरू नका, चोर तिथेच असतो. दुसरी खूण म्हणजे, रात्री दिवे मालवून आत पेटलेली बॅटरी ठेवा आणि कडेने उजेडाची रेघ दिसते का बघा. तिसरी खूण आयतीच मिळते. झाकण लावून लगेच पुन्हा उघडायला गेलात आणि ते घट्ट धरून बसलं, तर रबर चांगलं आहे. आत शिरलेली गरम हवा गार होऊन आकसते, त्यामुळे झाकण ओढलं जातं. मिनिटभराने ते सहज उघडतं, तोवर हँडल उपटू नका.

एका कोपऱ्यात पट्टी सैल आली तरी लगेच नवं रबर आणू नका. गॅरेजच्या जमिनीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. त्यावर फ्रीझर तिरका उभा राहतो, त्याचा सांगाडा किंचित पिळला जातो आणि झाकणाचा एक कोपरा बसत नाही. पाणसळ ठेवून लांबी-रुंदी दोन्ही तपासा आणि खालच्या बाजूच्या पायाखाली पाचर द्या. बऱ्याचदा दुखणं इथेच संपतं.

नाही संपलं तर रबर कोमट साबणाच्या पाण्याने धुवा. घडीतली काळी बुरशी जुन्या टूथब्रशने काढा, पूर्ण पुसा. दबलेल्या जागी हेअर ड्रायर मंद आचेवर १५ सेंटिमीटर लांबून फिरवत रबर मऊ करा, बोटांनी बाहेर ओढा आणि झाकण लावून गार होऊ द्या. बिजागरीकडे व्हॅसलिनचा अगदी पातळ हात. रबर चिरलं असेल तरच बदला. नवं रबर घडी घातलेलं येतं, म्हणून बसवण्याआधी ते थोडा वेळ गरम पाण्यात बुडवून सुरकुत्या काढा.

बर्फ ६ मिलिमीटर झाला की काढायचा, बोटभर होईपर्यंत वाट बघायची नाही. प्लग काढा, माल एकत्र रचून ब्लँकेटमध्ये गुंडाळा, तळाचं निचऱ्याचं बूच उघडा, आत गरम पाण्याची दोन पातेली ठेवून झाकण लावा. सुटलेला बर्फ प्लास्टिकच्या उलथन्याने काढा. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर चालवलात तर आतल्या पत्र्यामागची गार नळी फुटते, आणि मग खरोखरच गॅस भरावा लागतो. आतून कोरडं पुसा, बूच लावा, रिकामाच चालवून उणे १८ आल्यावर माल भरा.

प्रश्न : कंप्रेसर ‘टक्’ करतो, काही सेकंद घुमतो आणि बंद. पाच-सात मिनिटांनी परत तेच. दुपारीच होतं.

ते ‘टक्’ म्हणजे ओव्हरलोड प्रोटेक्टर सुटल्याचा आवाज. कंप्रेसर सुरू व्हायला धडपडतोय, जास्त करंट ओढतोय आणि प्रोटेक्टर त्याला वाचवतोय. दुपारी गरम हवेमुळे नळीतला दाब चढलेला असतो, शिवाय व्होल्टेज पडलेलं असतं.

प्लग काढा आणि कंप्रेसरच्या जाळीतली जळमटं, धूळ ब्रशने झाडा. तासभर पंख्याचा वारा द्या. मग लांब, बारीक एक्स्टेन्शन वायर बाजूला ठेवून थेट भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या जड सॉकेटमध्ये लावा. व्यवस्थित चालला तर दोष उष्णतेचा किंवा वायरचा. तरीही टक्‌टक् करत असेल तर मेकॅनिकला आधी रिले आणि प्रोटेक्टर बदलून बघायला सांगा, ते कंप्रेसरच्या मानाने किरकोळ भाग आहेत. सतत वीज ये-जा करत असेल तर किमान तीन मिनिटं उशिरा चालू करणारा स्टॅबिलायझर लावा. कंप्रेसर थांबल्यावर दोन्हीकडचा दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो.

प्रश्न : उभा, बर्फ न धरणारा फ्रीझर घेतला तर ही सगळी कटकट वाचेल ना?

बर्फ काढायची वाचेल. पण उभ्याचं दार उघडलं की गार हवा खालून ओतली जाते आणि वरून दमट हवा आत येते. वरून उघडणाऱ्यात गार हवा बसून राहते. शिवाय यात आपोआप वितळलेल्या बर्फाचं पाणी मागच्या ट्रेमध्ये वाफ होऊन जायचं असतं, ते ओल्या हवेत लवकर सुकत नाही आणि ट्रे ओसंडतो. दमट गॅरेजसाठी आमची पसंती वरून उघडणाऱ्यालाच.

प्रश्न : गॅरेजमध्ये रोज जाणं होत नाही. मध्येच वीज जाऊन आली तर माल वितळला होता हे कळणार कसं?

वाटीत पाणी गोठवा, वर एक नाणं ठेवा आणि ती मालाच्या वरच्या थरात ठेवा. नाणं बर्फात खाली रुतलेलं दिसलं तर मधे पाणी झालं होतं. बाहेर आकडा दाखवणारा, गजर असलेला थर्मामीटर त्याहून बरा, फक्त त्याची वायर चपटी हवी, नाहीतर रबराखाली तीच फट होते.

गच्च भरलेला फ्रीझर झाकण न उघडता साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास. तापलेल्या गॅरेजमध्ये याहून कमी धरा. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवा, पण नव्वद टक्केच भरून. वीज आल्यावर ज्या मालात बर्फाचे कण शिल्लक आहेत किंवा जो ४ अंशांच्या आत आहे तो पुन्हा गोठवता येतो. चव आणि पोत थोडा उतरतो. मांसमच्छी चार अंशांच्या वर किती वेळ होती हे सांगता येत नसेल तर वास घेत बसू नका, टाकून द्या.