जूनमध्ये लावाल हो, पण मे महिन्यात पाणी कोण घालणार?

वळवाचा एखादा पाऊस पडला की माझ्याकडे प्रश्नांचा ढीग येतो. जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते, मी आधी बँकेत होते, कर्जविभागात, ती नोकरी सोडली आणि आता पुण्यातल्या सोसायट्या, शाळा, वस्त्या जिथे बोलावतील तिथे जाऊन लोकांना फूड फॉरेस्ट करायला शिकवते. म्हणजे जंगलात कशी मोठी झाडं, त्याखाली छोटी, मग झुडपं, छोटी रोपं, वेली, जमिनीलगतचं, कंद असं थराथरानं वाढतं, तसंच लावायचं, फक्त जवळपास सगळं खाता येईल असं. यावेळचे काही प्रश्न घेतलेत.

सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात: मागे साधारण ४ गुंठे पडीक जागा आहे, बिल्डरने राडारोडा टाकून वर मुरूम पसरलाय. जूनमध्ये आंबा, फणस, चिकू, नारळ, जांभूळ मिळून १०० झाडं लावायचं मीटिंगमध्ये ठरलंय. चालेल ना?

नाही चालणार. ४ गुंठे म्हणजे ४३५६ चौरस फूट, त्यात १०० मोठी झाडं कोंबलीत तर काही वर्षांनी वर नुसते शेंडे, खाली अंधार आणि फळ कुणालाच नाही. कुणीतरी मीटिंगमध्ये मियावाकीचं नाव घेतलं असणार असा माझा अंदाज आहे. त्या पद्धतीत एका चौरस मीटरला ३ ते ५ रोपं लावतात हे खरं, पण अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती स्थानिक जंगल लवकर उभं करायला काढली, तुम्हाला आंबे खायला मिळावेत म्हणून नाही. दोन्हीची खिचडी केली की ना धड जंगल ना धड बाग.

तुमच्या जागेत मोठी झाडं तीन, फार तर चार. एक आंबा, तो केसर घ्या, हापूसच्या नादी लागू नका, त्याला कोकणची हवा लागते. एक फणस. एक जांभूळ, पण पार्किंगपासून लांब, नाहीतर जूनमध्ये पांढऱ्या गाड्यांवर जांभळे डाग पडले की पुढच्या एजीएमचा, म्हणजे वार्षिक सभेचा, पहिला विषय तोच. मग मधल्या उंचीची आठ-दहा: पेरू, लिंबू, आवळा, रामफळ, तुती, आणि सीताफळ-अंजीर तर घ्याच घ्या, पुरंदरनं याच दोन फळांवर नाव कमावलंय आणि तिकडची बरीचशी जमीन हलकी, मुरमाडच आहे. कुंपणाला करवंद, त्यावर घेवडा आणि कारांदा (कंदाचा वेल). सावलीत हळद, आलं, अळू, सुरण. उघड्या जमिनीवर रताळ्याचे वेल सोडून द्या, माती झाकली जाते आणि उपासाला रताळी.

(हे सात थरांचं गणित इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या रॉबर्ट हार्टनं मांडलं आणि त्याच्यापुढे केरळातल्या परसबागांचं उदाहरण होतं, म्हणजे आपल्याकडचंच तिकडून फिरून आलंय. फरक एवढाच की त्याच्याकडे ऊन कमी म्हणून झाडं लांब लांब लागतात, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावली हीच चैन आहे, त्यामुळे आपण थोडं दाट लावलं तरी चालतं.)

आता राडारोडा. तो उकरून काढावाच लागेल, त्याला शॉर्टकट नाही, कारण सिमेंट-चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते, मग पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, लोक खतावर खत घालत बसतात. झाडापुरते ३ बाय ३ बाय ३ फुटांचे खड्डे घ्या, बाहेरची चांगली माती, शेणखत, पालापाचोळा भरा. भरण्याआधी खड्ड्यात चार-पाच बादल्या पाणी ओतून बघा. सकाळपर्यंत तसंच साचलेलं असेल तर तिथे खड्ड्यात नाही, उंचवटा करून वर लावायचं.

आणि यावर्षी लगेच आंबा लावायची घाई कशाला? पहिल्या पावसात हादगा, उंदीरमारी (ग्लिरिसिडिया), तूर, शेवगा हे लावा. पहिली तीन हवेतला नत्र मातीत आणतात, चौघंही भराभर वाढतात, छाटायचं आणि तिथेच झाडाखाली टाकायचं. ज्या बाजूने ऊन मारतं तिथे यांची सावली झाली की पुढच्या पावसाळ्यात कलमं लावा. कलमं गणेशखिंडच्या सरकारी फळ संशोधन केंद्रातून किंवा एम्प्रेस गार्डनच्या नर्सरीतून बघून घ्या, रस्त्यावरच्या टेम्पोतून नको. लावल्यावर कलमाच्या सांध्याखालून जी फूट येते ती काढत राहायची, नाहीतर वरचा केसर मरतो, खालचं रायवळ वाढतं आणि आंबट कैऱ्या आल्यावर नर्सरीवाल्याला शिव्या.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, उरलेले आठ महिने झाड तुमच्या भरवशावर. जूनमध्ये फोटोला सगळी सोसायटी असते, मेमध्ये कोणी नसतं, सगळे गावाला. म्हणून रोपं आणायच्या आधी एक कागद करा, पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, सुट्टीत कोण, त्यांची नावं. 'सगळे मिळून' हे नाव नाही. नावं भरली नाहीत तर झाडं निम्मी करा. प्रत्येक रोपाशेजारी एक साधं, रंग न दिलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवा, भरून वर झाकणी, पाणी मुळाशी झिरपत राहतं. एसटीपीचं, म्हणजे सोसायटीतलं शुद्ध केलेलं सांडपाणी फळझाडांना मुळाशी ठिबकने द्यायला हरकत नाही, पण कच्ची खायची पालेभाजी, पुदिना, कोथिंबीर याला नको.

बाणेरहून: आमचे चेअरमन म्हणतात पालापाचोळा ठेवला की साप येतात आणि डासांनी डेंग्यू होतो, त्यामुळे माळी रोज झाडून जाळतो. त्यांना काय सांगू?

साप पाल्यासाठी येत नाही, उंदरासाठी येतो, आणि उंदीर येतो तो ओल्या कचऱ्याच्या उघड्या ड्रमसाठी. तो ड्रम आधी बघा. पाला झाडांच्या बुंध्याशी गोल करून टाकायचा, पायवाट, लहान मुलांची खेळायची जागा आणि भिंतीलगतची दोन-तीन फुटांची पट्टी स्वच्छ, संध्याकाळी टॉर्च घेऊन फिरायचं, एवढं पुरतं. कधी धामण दिसलीच तर ती बिनविषारी आहे आणि तुमचे उंदीर फुकटात संपवतेय. मारू नका, सर्पमित्राला फोन करा.

डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, सुक्या पाल्यात नाही. चेअरमनसाहेबांच्याच बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या आधी रिकाम्या करायला सांगा (हळूच सांगा).

आणि जाळण्याचं म्हणाल तर उघड्यावर कचरा जाळायला २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली आहे, साध्या प्रकरणात ५००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. चेअरमन लोकांना सापापेक्षा हा आकडा लवकर कळतो. तरीही पाला नकोच असेल तर पुण्यात 'ब्राऊन लीफ' म्हणून उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पाला जास्त आणि ज्यांना हवाय त्यांची गाठ घालून देतात.

औंधच्या एक काकू लिहितात: झाडं मस्त आलीत, पण एक गृहस्थ पहाटे आकडी आणि पिशवी घेऊन येतात आणि कैऱ्या कोवळ्या असतानाच उतरवून नेतात. विचारलं तर म्हणतात, मी पण मेंटेनन्स भरतो. काय करायचं?

काकू, असे गृहस्थ बहुतेक प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. वाईट म्हणजे ते अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, झाड सगळ्यांचं आहे, म्हणजे त्यांचंही आहे.

पाटी लावून हे थांबत नाही. 'फळे तोडू नयेत' लिहिलं की ज्याला तोडायचं नव्हतं तोही बघायला येतो. माझा अनुभव असा की फळ धरायच्या आधी वाटपाचा दिवस ठरवून टाकावा. कैरीचा एक रविवार, सगळ्यांदेखत उतरवायच्या, वजन करायचं, आणि पहिला वाटा माळीकाका, वॉचमन आणि झाडूवाल्या मावशींचा, तो आधी बाजूला काढायचा, उरलं त्यात घरटी. पाणी त्यांनी घातलेलं असतं, आपण फक्त ग्रुपवर अंगठे दाखवलेले असतात. हे एकदा सुरू झालं की वॉचमन स्वतःहून झाडावर डोळा ठेवतो, कारण आता त्याचंही काहीतरी तिथे लटकलेलं असतं. आणि त्या गृहस्थांनाच आकडी देऊन उतरवायची जबाबदारी द्या! खोटं वाटेल, पण अशा माणसाला पद दिलं की तो इतरांना हात लावू देत नाही.

दुसरं, ज्यावरून भांडण होत नाही अशी झाडं भरपूर लावा. कढीपत्ता, गवती चहा, शेवगा, अळू, केळी. शेवग्याच्या शेंगांवरून कोणी कोणाशी बोलणं सोडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. आंब्यावरून ऐकलंय.

हिंजवडीत आयटीत असलेले एक वाचक: वय ४२, होम लोनची नऊ वर्षं बाकी, मुलगी नववीत. तुमच्यासारखं नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावंसं वाटतं. सोडू का?

तुमची फाईल माझ्या जुन्या टेबलावर आली असती तर मी 'त्रुटी' असा शेरा मारून परत पाठवली असती. इच्छेबद्दल शंका नाही, कागद अपुरे आहेत. उत्पन्न कुठून येणार हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

या कामाचा पैसा कसा येतो ते सांगते. पावसाळ्यात फोन थांबत नाहीत, कंपन्यांना सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या पैशातून, झाडं लावायची असतात, बॅनर, टोप्या, फोटो. त्यात पैसे आहेत पण वर्षभराचे नाहीत, आणि मार्च ते मे, जेव्हा झाडाला तुमची खरी गरज असते तेव्हा त्या बजेटचं वर्ष संपलेलं असतं किंवा नवीन सुरू व्हायचं असतं. सोसायट्या लॉनसाठी मेक्सिकन ग्रासवर बिनबोभाट खर्च करतील, पण तुम्हाला म्हणतील 'जरा येऊन बघून जा ना'. ते बघून जाणं फुकट करायचं नाही, पहिल्या दिवसापासून फी सांगायची. सांगताना लाज वाटते, मला पण वाटायची, पण सांगायची. मी माझं काम तीन भागांत घेते, आराखड्याची फी वेगळी, कार्यशाळेची वेगळी आणि तीन उन्हाळ्यांच्या देखरेखीचा करार वेगळा, घर चालतं ते या तिसऱ्यावर. मुळशीकडच्या फार्महाउसवाल्यांचं काम पैशाला बरं असतं, फक्त तिकडे पाऊस पुण्याच्या कितीतरी पट, इथली झाडांची यादी तिथे जशीच्या तशी चालवू नका.

पर्माकल्चरचा, म्हणजे निसर्गाकडे बघून शेती-बाग आखायच्या पद्धतीचा, कोर्स करा, जगभर ठरलेला ७२ तासांचा असतो, बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोन ऑस्ट्रेलियन माणसांनी सत्तरच्या दशकात ही कल्पना मांडली त्यातून पुढे आलेला. पाणी, उतार, वारा बघायची नजर तिथे मिळते. पण दोन तासांच्या एजीएममध्ये शांत बसून शेवटच्या पाच मिनिटांत आपला मुद्दा कसा पास करून घ्यायचा हे तिथे शिकवत नाहीत आणि आपलं निम्म्याहून जास्त काम तेच आहे. एखाद्या माळीकाकांचे हात बघा, त्यांना पालाच जाळायला का सांगितलं गेलं आणि कोणी सांगितलं ते विचारा, ते तुम्हाला मातीबद्दल जे सांगतील ते ऐकून घ्या. ज्यांना झाडं आवडतात पण माणसं आवडत नाहीत त्यांनी स्वतःची शेती घ्यावी, या धंद्यात येऊ नये.

तर सध्या सोडू नका. आपल्याच सोसायटीत शनिवार-रविवार दोन पूर्ण उन्हाळे काढा. दुसऱ्या मे महिन्यातही हौस टिकली, शिवाय ईएमआय धरून वर्षभराचा खर्च बाजूला पडला आणि किमान दोन ठिकाणांहून देखरेखीचे पैसे यायला लागले, तर कंपनीला आधी चार दिवसांच्या आठवड्याचं विचारा. मग पुन्हा लिहा, मी शेरा बदलते.

सदाशिव पेठेतून: जुन्या इमारतीच्या गच्चीवर फूटभर माती टाकून हेच करता येईल का?

नको. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे वावर असलेल्या गच्चीला साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर एवढा भार धरतात, आणि अर्धा फूट ओली माती अडीचशे किलोच्या वर जाते. फूटभर म्हणजे दुप्पट, त्यात इमारत जुनी. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काहीच नको, त्याने हो म्हटलं तरी झाडांच्या कुंड्या कॉलम-बीमवर येतील अशा ठेवा आणि माती कमीत कमी. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाज्या-फळं काढून दाखवली होती, तुमच्याकडे तर दर चौकात रसवंती आहे, चिपाडं मागा, बरेचदा फुकट देतात.

वेताळ टेकडीवर पावसाळ्यात फळांचे सीड बॉल (बिया घातलेले मातीचे गोळे) टाकायचेत, कोणते टाकू?

कोणतेच नको. टेकडी ओसाड नाहीये, ती गवताची आणि झुडपांची जागा आहे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथे राहतात. आधीच उंदीरमारीची एवढी लागवड झालीय तिथे. वन विभागाला विचारून वणव्याच्या दिवसांआधी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढलेली पट्टी) काढायला मदत करा, ते जास्त उपयोगाचं.

धायरीहून: पेरूला पावसाळ्यात खूप फळं लागतात पण कापला की आत अळ्या. औषध सांगा.

औषधापेक्षा बहार बदला. फेब्रुवारी-मार्चमध्ये जी फुलं येतात त्यांची फळं ऐन पावसाळ्यात तयार होतात आणि तेव्हाच फळमाशी सालीत अंडी घालते. ती फुलं काढून टाका, जून-जुलैला येणारी ठेवा, त्याचे पेरू हिवाळ्यात मिळतात, गोडही जास्त असतात. तरी पावसाळ्यातले हवेच असतील तर फळ लिंबाएवढं झालं की कागदाची किंवा कापडाची पिशवी बांधा. मिथाइल युजेनॉलचा (माशीला ओढणाऱ्या वासाचा) सापळा लावू शकता, पण त्यात फक्त नर माश्या अडकतात, म्हणून सापळा लावून निवांत बसू नका, खाली पडलेली फळं रोज उचला, आणि ती थेट कंपोस्टमध्ये नको, बादलीभर पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून, झाकण लावून, मग टाका.