बॅसिलिस्क म्हणजे नागराज नव्हे, दृष्टिविष

बडोद्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ रोल-प्लेइंग गेम्सच्या व्हिडिओंना मराठी निवेदन देतात. 'बॅसिलिस्क'ला, म्हणजे नजरेने मारणाऱ्या किंवा दगड करणाऱ्या काल्पनिक प्राण्याला, भावाने 'नागराज' म्हटलं, ताईंना 'अजगर' बरा वाटला, आणि घरातल्या मोठ्यांना दोन्ही पटले नाहीत. मग म्हणायचं काय? आणि 'पेट्रिफाय'साठी, म्हणजे दगड होण्यासाठी, 'शिळा होणे' चालेल का?

अजगर आधी बाजूला ठेवू. तो विळखा घालून भक्ष्याचा जीव घेतो, आणि बॅसिलिस्कची ख्याती विळख्याची नाही. 'नागराज'ला मात्र आधार आहे. ग्रीक 'बॅसिलिस्कोस' म्हणजे छोटा राजा, आणि पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की हा साप फार तर बारा बोटं लांब असतो आणि त्याच्या डोक्यावर मुकुटासारखा पांढरा ठिपका असतो. पण मराठीत नागराज म्हटलं की डोळ्यांसमोर किंग कोब्रा फणा काढतो. शिवाय डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममधला बॅसिलिस्क आठ पायांचा सरडाच आहे. आठ पायांवर चालत येणाऱ्याला नाग म्हटलं, तर बघणाऱ्याला वाटेल की नाग अजून यायचाच आहे.

नेमका शब्द आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे: दृष्टिविष. ज्याच्या नजरेतच विष, तो. आयुर्वेदातल्या सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, म्हणजे विषांवरच्या भागात, प्राण्यांच्या विषाची १६ ठिकाणं सांगितली आहेत आणि त्यात दृष्टी पहिली. तिथेच पुढे म्हटलंय की दिव्य सर्पांचं विष दृष्टीत आणि निःश्वासात असतं, पृथ्वीवरच्या सर्पांचं दाढांत. महावीरांनी शांत केलेला चंडकौशिक हाही दृष्टिविष सर्पच. ही गोष्ट बडोद्यात शेजारच्या जैन घरातून तुमच्या कानावर आली असेलच. शब्दाची खरी सोय अशी की त्यात 'साप' कुठेच नाही. त्यामुळे दोन पाय असोत की आठ, तो बसतो.

तरी सगळ्या गेम्सना हा एकच शब्द लावू नका. बॅसिलिस्क नाव तेच राहतं, पण मारण्याची तऱ्हा बदलते, आणि सुश्रुताची विभागणी इथे चक्क कामाला येते. 'बाल्डर्स गेट' (१९९८) मधला बॅसिलिस्क खरा दृष्टिविष. तिथे 'प्रोटेक्शन फ्रॉम पेट्रिफिकेशन' हा पहिल्याच पातळीचा मंत्र लढाईआधी टाकावा लागतो. सोबत्याला दगडातून परत आणता येतं, पण मुख्य पात्र दगड झालं की खेळ तिथेच संपतो. 'डार्क सोल्स' (२०११) मधला मोठ्या डोळ्यांचा बेडकासारखा प्राणी नजरेने काहीच करत नाही. तो करडा धूर सोडतो, त्या धुरात उभं राहिलं की शापाची पट्टी भरत जाते, पूर्ण भरली की पात्र मरतं आणि पुन्हा उठल्यावर कमाल आयुष्य निम्मं झालेलं असतं. हा निःश्वासविष. याला दृष्टिविष म्हटलंत तर ऐकणारा डोळे टाळायला धावेल आणि धुरातच उभा राहील. 'विचर ३' (२०१५) मध्ये तर नजरेने कुणी दगड होत नाही, तिथे भीती दात, नखं आणि विषाची. त्याला नुसतं बॅसिलिस्क म्हणा.

आता 'शिळा होणे'. 'अहल्या शिळा झाली' यात काही अडचण नाही, कारण शिळा स्त्रीलिंगी आणि अहल्याही. पण 'योद्धा शिळा झाला' म्हणून बघा: कालचा भात आठवतो! गुजराती माध्यमात शिकलेल्याला 'शिळा' म्हणजे गुजरातीतलं 'वासी' हे चटकन सुचणार नाही, म्हणून ही चूक त्याच्या नजरेतून सुटते. 'दगड झाला' किंवा 'शिळारूप झाला' लिहा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत हे दोन टप्प्यांत होतं. फासा टाकून केलेला पहिला बचाव फसला की पात्र जागीच जखडतं, पुढच्या खेपेच्या शेवटी दुसराही फसला तरच दगड. पहिल्या टप्प्याला 'थिजला' हा अस्सल शब्द आहे. थिजलेलं तूप पुन्हा पातळ होतं, तसा हाही सुटू शकतो, आणि ती आशा 'दगड' या शब्दात नाही.

नजरेच्या वाक्प्रचारांत सगळ्यात जास्त घोळ होतो. 'बॅसिलिस्कची नजर लागली' म्हटलं की घरात मीठ-मोहरी शोधतील. 'त्याची नजर चुकवा' म्हणजे त्याला न दिसता निसटा, जे इथे सांगायचंच नाही. 'त्याच्या नजरेला नजर देऊ नका' हे बरोबर. आणि लगेच जोडा की डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ (२०१४) नियमांत नजर वळवली तर तो आपल्यालाही दिसत नाही, वार अंदाजाने करावा लागतो.

विषावर 'उतारा' आणि शापावर 'उःशाप' हे दोन शब्द वेगळे ठेवा. 'डार्क सोल्स'मधला पर्जिंग स्टोन शाप उतरवतो, म्हणून तो उःशापाचा खडा. इंग्रजीत यासाठी इतका नेटका एकच शब्द सापडत नाही, आपल्याकडे तो आहे तर वापरा.

कॉकाट्रिस वेगळा. कोंबड्याच्या अंगाचा असल्यामुळे त्याला 'कुक्कुटसर्प' म्हणावं. जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या पूर्वभवांच्या कथेत हे नाव येतं. 'नेटहॅक' या गेममध्ये मात्र त्याला उघड्या हाताने शिवलं तरी माणूस दगड होतो, तेव्हा तिथे 'नजर' शब्द येऊ देऊ नका, 'स्पर्श' म्हणा.

लिहिताना: सुटा शब्द 'दृष्टी' दीर्घ, पण समासात 'दृष्टिविष' ऱ्हस्व. विभक्ती लावताना दृष्टिविषाने, दृष्टिविषाला. परकं नाव मात्र बॅसिलिस्कने, बॅसिलिस्कला. पडद्यावर इंग्रजी नाव दिसत असतं, म्हणून पहिल्यांदा 'बॅसिलिस्क, म्हणजे दृष्टिविष' असं दोन्ही म्हणा, पुढे एकावर राहा. आणि शब्दांची यादी करणारच असाल तर बडोद्यातच १९३१ मध्ये निघालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू'सारखी रकान्यांत करा. त्यात कारभाराच्या एकेका शब्दापुढे अनेक भाषांतले प्रतिशब्द ओळीने मांडले आहेत. तुमचे रकाने असे: गेम, तिथलं नाव, मराठी शब्द, हल्ल्याची तऱ्हा, उतारा.