टाकी हिरवी पडते, काय करावं?

प्रश्न: भाऊ, घरी दोन फुटाची काचेची टाकी आहे, मोली अन् गप्पी मासे आहेत. पाणी वावरातल्या विहिरीचं. काच घासली की चार दिवसात पुन्हा हिरवी. पाणी तपासायच्या किटनं पाहिलं तर फॉस्फेट (शेवाळाला खत होणारा क्षार) लय निघालं. पाणी उकळून टाकलं तर जमेल का?
– एक वाचक, दारव्हा तालुका, यवतमाळ

उत्तर: उकळू नका जी, उकळून फॉस्फेट जात नाही, पाणी आटतं अन् ते उलट दाट होतं. उन्हाळ्यात आपल्याकडे टाकीचं पाणी भराभर उडतं तेव्हाही हेच होतं, फॉस्फेट मागेच राहतं अन् वरून आपण पुन्हा तेच विहिरीचं पाणी ओततो. आधी विहिरीच्या पाण्याचीच टेस्ट करा, त्यातच निघालं तर गावात आरओचा जार मिळतो तो अर्धा मिसळा, पण पूर्ण आरओ नको, मोलीला क्षार लागतात.

फॉस्फेटचा खरा चोर बहुतेक वेळा माशांचं खाणंच असतं. दोन मिनिटात संपेल तेवढंच टाका, घरातली लेकरं दिवसभर टाकतात ते बंद करा. आठवड्याला पाव पाणी बदला, तळाची घाण पाइपनं ओढा, फिल्टरचा स्पंज नळाखाली नाही तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवा. लाइट सहा-सात तास पुरे, खिडकीचं ऊन नको. हायड्रिला किंवा वॅलिस्नेरिया या पाणवनस्पती लावा, वाढताना फॉस्फेट तेच ओढून घेतात. तलावातून आणली तर आधी नीट धुवा, गोगलगायीची अंडी येतात. शेवाळ मारायचं औषध मात्र राहू द्या, मेलेलं शेवाळ सडून फॉस्फेट पुन्हा पाण्यातच सोडतं.