रेपो साफ केली तरी पुन्हा फुगते? आधी जुने क्लोन आवरा

गिटची रेपो (कोड आणि त्यातल्या सगळ्या बदलांची हिस्टरी ठेवणारं भांडार) साफ केली तरी पुन्हा का फुगते, ही तुमची पोस्ट वाचून ओळखीचंच दुखणं वाटलं. चालू फाइल्स जेमतेम ३०० एमबी, हिस्टरी ठेवणारं डॉट-गिट फोल्डर ९ जीबी, फिल्टर-रेपो (हिस्टरीतून फाइल्स काढून ती नव्याने लिहिणारं साधन) चालवून सव्वा जीबीवर आणलं आणि आठवड्याभरात सर्व्हरवर पुन्हा ९. फाइल डिलीट केल्याने हिस्टरीतली प्रत जात नाही वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो.

पुन्हा फुगण्यामागे बहुतेक वेळा कुणाच्या तरी लॅपटॉपवरचा जुना क्लोन (रेपोची प्रत) असतो. सफाईत, पहिली मोठी फाइल जिथे आली, तिथपासून पुढच्या सगळ्या कमिट्सचे (नोंदवलेल्या बदलांचे) हॅश, म्हणजे ओळख-क्रमांक, बदलतात. त्याआधीच्या सहसा तशाच राहतात. त्यामुळे गिटला जुन्या आणि साफ केलेल्या अशा दोन्ही हिस्टरींचा समान पूर्वज सापडतो आणि ‘अनरिलेटेड हिस्टरीज’ म्हणून ते अडवतही नाही. कुणीतरी सवयीने पुल करतं (सर्व्हरवरचे बदल ओढतं), दोन्ही हिस्टरी मर्ज (एकत्र) होतात, पुश जातो (सगळं परत सर्व्हरवर चढतं). फोर्सही (सर्व्हरवरची हिस्टरी जबरदस्तीने बदलणं) लागत नाही, कारण सर्व्हरच्या लेखी तो साधा फास्ट-फॉरवर्ड (आहे त्याच्यापुढे भर) असतो. लॉगमध्ये तोच मेसेज, तीच तारीख, पण हॅश वेगळे अशा जोड्या दिसल्या, की हेच झालंय समजा.

म्हणून माझं मत, थोडं टोकाचं वाटेल: त्याच रेपोत फोर्स-पुश करूच नका. साफ केलेली हिस्टरी नव्या रेपोत टाका, जुनी फक्त वाचण्यापुरती ठेवा. इश्यू आणि रिव्ह्यू मागे राहतात, हे खरं. पण गिटहबवर (रेपो ठेवणाऱ्या सेवेवर) पुल रिक्वेस्टचे (बदल सामील करा अशा विनंत्यांचे) रेफ, म्हणजे कमिटकडे बोट दाखवणारी नावं, आपल्याला बदलता येत नाहीत. मिरर-पुश केला (सगळे रेफ जसेच्या तसे चढवले) तर ते ‘हिडन रेफ’ म्हणून नाकारले जातात आणि जुने ऑब्जेक्ट (साठवलेल्या फाइल्स, कमिट्स) त्यांना धरून तिथेच बसतात.

सर्व्हर स्वतःचा असेल आणि तीच रेपो हवी असेल, तर प्री-रिसीव्ह हुक (पुश स्वीकारण्याआधी सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट) लावा. मोठी फाइल आणणारी पहिली जुनी कमिट निवडा आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या टोकावर (ब्रांचच्या शेवटच्या कमिटवर) मर्ज-बेसचा इज-ॲन्सेस्टर पर्याय चालवा; ती जुनी कमिट पूर्वज आहे का, ते तो सांगतो. उत्तर ० (होय; १ म्हणजे नाही) आलं तरच पुश नाकारा. सफाईनंतर ती कमिट सर्व्हरवर नसेल तर १२८ (त्रुटी) येईल, तो धोका नव्हे. इथे ‘१ सोडून काहीही आलं तर नाकार’ असं लिहिलंत, तर सगळ्यांचेच पुश अडतील.

ज्यांचं काम पुश व्हायचं राहिलंय, त्यांनी फॉरमॅट-पॅच कमांडने पॅच (बदलांच्या फाइल्स) काढावेत, ताज्या क्लोनवर एएम कमांडने लावावेत आणि जुना फोल्डर उडवावा. ‘फक्त रिबेस करतो’ (कमिट्स नव्या पायावर पुन्हा रचतो) म्हणणाऱ्यावर लक्ष ठेवा, जुन्या कमिट्स तिथूनही परत येऊ शकतात.

आता थोडी भडास. सर्व्हर सांभाळणारा विभाग (नाव नको) प्रत्येक तिकिटावर ‘जीसी चालवली’ (गिटची नको असलेले ऑब्जेक्ट काढणारी सफाई) लिहून मोकळा व्हायचा. जीसीने काय होणार? कुठलीही ब्रांच, टॅग किंवा लपलेला रेफ ऑब्जेक्टला धरून असेल तर तो जात नाही. कुणी धरलेला नसला तरी डीफॉल्टने दोन आठवडे थांबतो. आधी त्यांच्याकडून फॉर-ईच-रेफची (सगळे रेफ दाखवणाऱ्या कमांडची) पूर्ण यादी मागवा. जुने टॅग तिथेच सापडतात. मग कुणी पुश करत नसताना प्रून-नाऊ (न थांबता लगेच काढायचा जीसीचा पर्याय). अर्थात, आधी मिरर क्लोनचा (सगळ्या रेफसह प्रतीचा) बॅकअप, आणि तुमच्या सर्व्हरची आवृत्ती मला माहीत नाही, तेव्हा एका प्रतीवर करून बघा.

जाता जाता: काय काढायचं ते अंदाजाने ठरवू नका. फिल्टर-रेपोचा ॲनालाइझ पर्याय फाइल, फोल्डर आणि एक्स्टेन्शननुसार आकार देतो. झिप आणि जार मुळातच दाबलेल्या असतात, त्यांच्या दोन आवृत्त्यांत डेल्टा (फक्त फरक साठवून जागा वाचवणं) जवळपास मिळतच नाही; त्या काढल्या की खरा फरक पडतो. आणि हिस्टरीला हात लावायची परवानगीच नसेल, तर क्लोन करताना ‘ब्लॉब-नन’ फिल्टर लावा. सर्व्हर तेवढाच राहील, पण लॅपटॉपवर जुन्या फाइल्स लागतील तेव्हाच उतरतील. सीआयला (आपोआप बिल्ड-चाचणी करणाऱ्या यंत्रणेला) मात्र डेप्थ १ (फक्त शेवटची कमिट) पुरे.