माउंटन बाइकच्या मागच्या चाकाला टिकाऊ आणि तरीही सहज पळणारा टायर कोणता लावावा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: दगडाळ ट्रेलवर मागचा टायर सारखा बाजूने फाटतो, आणि त्यावर उपाय म्हणून डाउनहिलचा (फक्त उतारावर पळवायचा) जाड टायर लावला तर चढावर कोणीतरी मागून सायकल धरून ठेवल्यासारखं वाटतं. या दोन्हींच्या मधलं काही मिळतं का? मिळतं. फक्त ते टायरच्या वजनात शोधू नका.

टायर म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी: आतलं केसिंग (धाग्यांचा सांगाडा), वरचं रबर आणि त्यावरची नक्षी. फाटणं-न फाटणं मुख्यतः केसिंगवर ठरतं. पळणं जास्त करून रबर आणि नक्षीवर. डाउनहिलच्या टायरमध्ये सगळ्यात जाड केसिंग, सगळ्यात मऊ रबर आणि उंच नॉब (नक्षीतले उंचवटे) असे तिन्ही एकदम गळ्यात पडतात, आणि आपण दोष देतो तो वजनाला. आता हिशेब बघा. जाड केसिंगचा टायर साधारण २५० ग्रॅमने जड. तुम्ही आणि सायकल मिळून ९० किलो धरले तर एकसारख्या वेगाने चढताना हा फरक ०.३ टक्क्यांपेक्षाही कमी. वेग घेताना चाकाच्या कडेचं वजन जवळपास दुप्पट जाणवतं हे खरं, पण लांब चढावर तुम्ही सारखा वेग घेत नसता. मऊ रबर मात्र चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दबतं, सावकाश पूर्ववत होतं आणि त्यात तुमची ताकद उष्णता होऊन जाते. जाड केसिंगमध्येही थोडी ताकद जाते, ते नाकारत नाही. पण पायांना जो जडपणा कळतो त्यातला मोठा वाटा रबर आणि नक्षीचा असतो.

म्हणून माझं सरळ मत: मागे केसिंग एक पायरी जाड घ्या, रबर एक पायरी कडक घ्या, आणि मधले नॉब बुटके घ्या. मऊ रबर पुढच्या चाकाला द्या. पुढचा टायर घसरला की माणूस पडतो. मागचा घसरला तर बहुतेक वेळा सावरता येतं.

खरेदीआधी जुना फाटलेला टायर हातात घ्या, तो बरंच सांगतो. रिमच्या कडेला एक चीर आणि तिच्या रेषेत वर दुसरी चीर असेल, तर टायर दगड आणि रिम यांच्यात चिमटला गेला आहे. म्हणजे हवा कमी होती, किंवा वेगाच्या मानाने केसिंग पातळ. साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) ब्लेडने कापल्यासारखी एकच चीर असेल, तर धारदार दगड घासून गेला. इथे हवा वाढवून फारसा फायदा नाही, केसिंगच बदलावं लागेल. मधोमध बारीक भोकं असतील तर ते काट्यांचं काम, त्याला सीलंट (टायरमध्ये ओतायचं, भोक बुजवणारं द्रव) पुरतं, जाड टायरवर पैसे घालू नका. आणि नॉब मुळापासून उचकटले असतील तर रबर तुमच्या ब्रेक मारण्याच्या सवयीला फार मऊ आहे. मागचं चाक लॉक करून घसरत नेलं की असंच होतं.

आता केसिंग. कंपन्यांची नावं वेगवेगळी, पायऱ्या साधारण सारख्याच. मॅक्सिसमध्ये एक्सो हा एकाच थराचा, बाजूला संरक्षक पट्टी असलेला. एक्सो प्लस त्याच्या वरचा. डबलडाउनमध्ये १२० टीपीआयचे (इंचात १२० धाग्यांचे) दोन थर असतात, आणि डीएचमध्ये, म्हणजे डाउनहिलमध्ये, ६० टीपीआयचे दोन. श्वाल्बेचा क्रम सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी, सुपर डाउनहिल असा आहे. कॉन्टिनेंटलचा ट्रेल, एंड्युरो, डाउनहिल. तुमच्या वर्णनावरून टायर बाजूने फाटतोय, म्हणजे बहुधा तुम्ही सगळ्यात खालच्या पायरीवर आहात. एक पायरी चढा. त्यावरही फाटला तरच दुसरी.

टीपीआयचा आकडा मोठा म्हणजे टायर मजबूत, असा समज आहे. तो उलटा आहे. टीपीआय म्हणजे इंचात किती धागे. ६० मध्ये धागे जाड आणि त्यांच्यात रबर जास्त, म्हणून कापायला चिवट. १२० मध्ये धागे बारीक, टायर लवचिक. शिवाय काही कंपन्या सगळ्या थरांचे धागे बेरजेने छापतात, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलनाच करू नका. त्यापेक्षा दुकानात घडी केलेल्या टायरची साइडवॉल अंगठा आणि बोटात धरून दुमडा. एका थराची कापडासारखी दुमडते. दोन थरांची बोटांना ढकलत परत सरळ होते. बीडच्या (रिममध्ये अडकणाऱ्या कडेच्या) लगेच वर बोट फिरवलं की चांगल्या टायरमध्ये रबराची जाडसर पट्टी लागते. चिमटा बसण्यापासून तीच वाचवते.

रबराची परीक्षा नखाने करा. नॉबमध्ये नख दाबून सोडा. खूण हळूहळू भरत असेल तर ते मऊ, सावकाश परतणारं रबर, मागे नको. लगेच उडी मारून सरळ होत असेल तर चालेल. नावांत बघायचं तर मॅक्सिसचं ड्युअल किंवा फार तर मॅक्सटेरा, मॅक्सग्रिप नाही. श्वाल्बेचं निळ्या पट्टीचं स्पीडग्रिप, नारिंगी सॉफ्ट नाही. कॉन्टिनेंटलचं एन्ड्युरन्स. कडक रबराची किंमत ओल्या दगडावर आणि ओल्या मुळांवर मोजावी लागते, तिथे ते साबणासारखं सरकतं. तुमचा ट्रेल वर्षातला बराच काळ ओला असेल तर एक पायरी मऊ घ्या आणि थोडा जडपणा सोसा.

नक्षीत मधली ओळ बघायची. नॉब बुटके, एकमेकांजवळ, आणि पुढची कड उतरती असेल तर टायर सहज पळतो. मागची कड मात्र सरळ उभी हवी, कारण ब्रेक लावल्यावर तीच माती धरते. बाजूचे नॉब उंच आणि भक्कम असू द्या. सरळ जाताना ते जमिनीला फारसे लागत नाहीत, वळणावर मात्र सगळा भार त्यांच्यावर असतो. मध्ये जवळजवळ गुळगुळीत असलेले सेमी-स्लिक टायर, उदाहरणार्थ मॅक्सिसचा मिनियन एसएस, कोरड्या कडक जमिनीवर सुरेख पळतात, पण सुट्या मातीच्या उभ्या चढावर चाक जागच्या जागी फिरतं आणि उतारावर ब्रेकचं अंतर वाढतं. एकच टायर वर्षभर ठेवायचा असेल तर मी तो सुचवणार नाही.

या चाळणीतून माझ्या यादीत वर येतात ते असे. मॅक्सिस अ‍ॅग्रेसर, डबलडाउन केसिंग आणि ड्युअल रबर. दगडांवर आपटत जाणाऱ्यासाठी हा पहिला. श्वाल्बे विकेड विल, सुपर ट्रेल आणि स्पीडग्रिप. हा जास्त पळतो, पण चिखलात लवकर भरतो. कॉन्टिनेंटल झायनोटल कडक जमिनीसाठीच बनवलेला आहे. घेताना पूर्ण लेबल वाचा. एकाच नावाचा टायर चार केसिंग-रबरांत येतो आणि चुकीची जोडी घेतली तर नावाचा काही उपयोग नाही.

माप: २.३ ते २.४ इंच पुरे, आतून २५ ते ३० मिमी रुंद रिमवर. साइडवॉलवर ६१-६२२ असं काही लिहिलेलं असेल. ६२२ म्हणजे २९ इंची चाक, ५८४ म्हणजे २७.५. फ्रेम आणि टायर यांच्यात दोन्ही बाजूंनी किमान ६ मिमी जागा सुटली पाहिजे, नाहीतर चिखलातले खडे फ्रेमचा रंग खरवडतात.

हवेकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. उत्तम टायर चुकीच्या हवेत फाटतो आणि जडही जातो. ट्यूबलेस (ट्यूबविना चालणारा) २.४ इंची टायर आणि साधारण ७५ किलोचा माणूस असेल तर मागे २५ पीएसआयपासून सुरुवात करा, पुढे ३ कमी. एक फेरी मारा. रिम दगडावर टणकन आपटल्याचा आवाज आला तर २ वाढवा. नाही आला तर १-१ करून कमी करा, वळणावर टायर बाजूला लवल्यासारखा वाटेपर्यंत, आणि मग १ वाढवून थांबा. खडबडीत जमिनीवर फार हवा भरली की चाक प्रत्येक दगडावर उडतं आणि वेग उलट कमी होतो. आकडा डिजिटल गेजने घ्या. पायपंपाचा काटा एवढ्या कमी हवेत भरवशाचा नसतो.

बसवताना साइडवॉलवरच्या बाणाची दिशा बघा. शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी चढवा. तिथे रिमच्या मधल्या खाचेत व्हॉल्व्हचा बुंधा असल्याने बीड खोल जात नाही, म्हणून बाकीचं सगळं आधी खाचेत ढकलून ढील मिळवायची. दोन थरांचा टायर हट्टी असतो, बीडला साबणाचं पाणी लावा. फटाफट आवाज येऊन बीड बसेपर्यंत हवा भरा, पण रिम आणि टायर दोन्हींवर लिहिलेल्या कमाल आकड्यांतल्या लहान आकड्याच्या पुढे नको. सीलंट २९ इंची टायरला १०० ते १२० मिली, आणि दोन-तीन महिन्यांनी तपासून भर घाला, ते आत वाळतं.

सोबत प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) ठेवा, पण साइडवॉलच्या चिरेत प्लग टिकत नाही. चीर ५ मिमीपेक्षा मोठी असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून, ट्यूब घालून, सावकाश घरी या. चीर आतल्या धाग्यांपर्यंत गेली असेल तर तो टायर पुन्हा ट्रेलवर नेऊ नका.