हायवेच्या कामाला मुदतवाढ मिळाली, पण उशिराचे पैसे नाहीत. ठेकेदाराला क्लेम करता येतो का?

येतो, पण कागद वेळेवर गेला असेल तरच. मुदतवाढीने दंड टळतो. उभ्या मशिनरीचं भाडं नि स्टाफचा पगार त्यात आपोआप येत नाही. भारतीय करार कायद्याचं कलम ५५ इथेच नडतं: उशिराची नवी मुदत मान्य करताना भरपाईची नोटीस दिलेली हवी. करार फिडिकच्या (आंतरराष्ट्रीय इंजिनिअर संघटना) १९९९च्या रेड बुकवर, म्हणजे त्यांच्या तयार करार-नमुन्यावर असेल, तर घटना कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस.

आता पुरावा. अंधेरीला पाण्याची लाइन हलत नाही म्हणून पाइलिंग रिग (पायाचे खांब खोदणारं मशीन) उभी असेल, तर नुसतं 'साइट मिळाली नाही' लिहून भागत नाही. चेनेज (रस्त्यावरचं नेमकं अंतर), तारीख, रिगचा नंबर, किती तास उभी, सगळं रोजच्या रोज लिहून खाली खात्याच्या इंजिनिअरची सही. सही देत नसेल तर त्याच संध्याकाळी ईमेल टाका. पावसाचे दिवस वेगळे दाखवा, नाहीतर समोरचे सगळा उशीर मुंबईच्या पावसावर ढकलतात (आणि ते पटतंही).

फायनल बिलासोबत 'नो क्लेम' (आता काही मागणी नाही असं लिहून देण्याचा कागद) पुढे करतील. हरकत लेखी नोंदवल्याशिवाय सही नको.