‘सरासरी आयुष्य’ की मध्यक?

कर्करोगावरच्या एका लेखात ‘मीडियन सर्व्हायव्हल’साठी ‘सरासरी आयुष्य’ असं छापलेलं वाचून एका वाचकांनी विचारलंय: हे चालेल का, आणि ‘सरासरी’ आला कुठून?

चालणार नाही. आरोग्याच्या बातम्यांत ही चूक इतकी रुळली आहे की वाचताना चीड येते. पाच रुग्ण निदानानंतर ३, ५, ८, २० आणि ६४ महिने जगले, तर सरासरी २० महिने आणि मध्यक (मीडियन), म्हणजे चढत्या क्रमात लावलेल्या आकड्यांतला बरोबर मधला, ८. दहावीच्या पुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक हे शब्द आहेत, तेव्हा मराठीत शब्द नाही ही सबब नको.

आता ‘सरासरी’. फारसीत ‘सर’ म्हणजे डोकं, टोक. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, झाडून सगळं. इराणात देशभर एकाच वेळी होणाऱ्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेला आजही ‘सरासरी’ परीक्षा म्हणतात. हिंदीतल्या ‘औसत’चं मूळ मात्र अरबी ‘वसत’, म्हणजे मधला; अर्थाने तो मध्यकाच्या जवळचा. मराठीने उचललेला शब्द हिशेबाला चोख बसतो, कारण सरासरीत दोन्ही टोकांचे सगळे मोजले जातात. पाचवा रुग्ण ६४ऐवजी १६४ महिने जगला तर सरासरी थेट ४० होते, मध्यक आठवरून हलत नाही. आपला ‘सरसकट’ही याच ‘सर’च्या गोतावळ्यातला, असं माझं ठाम मत आहे. ‘सरासरी’ला संस्कृत ‘सर’, म्हणजे माळ, यातून ओढून काढणाऱ्यांनी ‘आ’ कुठून आला ते आधी सांगावं. फारसीत तो सरळ उभा आहे.

संशोधक मध्यक देतात त्याला कारण आहे. सरासरी काढायला शेवटच्या रुग्णापर्यंत थांबावं लागतं. निम्मे दगावले की मध्यक कळतो. पण उरलेले निम्मे किती जगले, हे तो सांगत नाही. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग झाला, तेव्हा ग्रंथांत त्याचा मध्यक आठ महिने होता. ते त्यानंतर २० वर्षं जगले, आणि गेले ते दुसऱ्याच कर्करोगाने. तोच आकडा ‘सरासरी आयुष्य आठ महिने’ असा छापला, की रुग्ण त्याला आपली मुदत समजतो.

‘मध्यक’ जड वाटत असेल, तर ‘निम्मे रुग्ण आठ महिन्यांहून अधिक जगले’ असं सरळ लिहा.